रात्री दोनचा नळ

गेल्या पावसाळ्यात खानापूरला आपाकडं मुक्कामाला होतो, रात्री दोनला मोरीतला नळ सुरू झाला तो बंद होईचना, उठून बघतोय तर भाचा वजू, म्हणजे नमाजाआधीचं हात-तोंड-पाय धुणं, करत बसलाय. कोपरापर्यंत हात धुवायचे, थांबायचं, परत पहिल्यापासून. हाताची कातडी पांढरी पडलेली, बोटांच्या पेरांना भेगा. म्हणाला, "मामू, वजू झाला की नाही कळंना, नमाज कबूल नाही झाली तर?" एकोणीस वर्षांचं पोरगं हो.

नंतर त्याचा फोन बघितला. 'या चुकीनं तुमची नमाज वाया जाते', कब्रचा अजाब म्हणजे मेल्यावर कबरीत होणारी शिक्षा, मागं भीती वाटेल असलं म्युझिक, एक रील पूर्ण बघितली की तसल्याच दहा पुढं येतात. बोलणारा आलिम, म्हणजे धर्माचा शिकलेला जाणकार, आहे की नाही कुणाला माहीत. आणि खाली कमेंटमध्ये लोक बिनधास्त लिहितात, टेन्शन, डिप्रेशन हे सगळं इमान, म्हणजे श्रद्धा, कमजोर असल्यामुळं.

मला याचा खरंच राग येतो, कारण आपला दीन, आपला धर्म, असं म्हणतच नाही. फिकहचा, म्हणजे आपल्या धर्मशास्त्राचा, कायदाच आहे की यकीन (खात्री) शकानं (शंकेनं) जात नाही, वजू केलेला आठवतोय आणि नुसती शंका आली तर वजू शाबूतच. हुजूर पैगंबर (स.) एक मुद्द पाण्यात वजू करायचे, म्हणजे जेमतेम अर्धा-पाऊण लिटर, इथं पोरगं बादल्या ओततंय! वसवसा, म्हणजे मनात परत परत येणारी नको ती शंका, हा शब्द आपल्याकडं शेकडो वर्षं आहे. इमाम गझालींसारखा थोर आलिम माणूस १०९५ मध्ये बगदादच्या मदरशात शिकवता शिकवता इतका खचला की तोंडातनं शब्द फुटंना, घास गिळंना. त्यांचं इमान कमजोर होतं म्हणायचं काय?

आम्ही आधी मोहल्ल्यातल्या इमामसाबांकडं गेलो. ते म्हणाले, शंका आली तरी परत धुवायचं नाही, तसाच नमाजला उभा राहा, आणि याला डॉक्टरला दाखवा. मग धारवाडला गेलो. डॉक्टरांनी ओसीडी सांगितलं, म्हणजे तीच शंका आणि तीच कृती परत परत करायला लावणारा मनाचा आजार, गोळ्या दिल्या, आणि वर काय सांगितलं तर एकदा धुतल्यावर कितीही घाबरल्यासारखं झालं तरी परत धुवायचं नाही. दोघं कधी एकमेकांना भेटलेले नाहीत, तरी बोलले एकच.

आपा अजून शेजाऱ्यांना पोराला नजर लागली म्हणूनच सांगते, तिच्यावर मी चिडत नाही. पण ज्यांच्या घरात असं पोर आहे त्यांनी १४४१६ वर फोन करा, टेलीमानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, चोवीस तास, फुकट. आणि ते रील पुढं ढकलू नका हो.

परवा गेलो होतो. पूर्ण बरा नाही अजून, हात तीनदा धुतो, पण आता तीनदाच.