भाडं ठरून गेल्यावर आमचं मत कशाला विचारता?

इंग्लंडात काउन्सिलच्या, म्हणजे आपल्याकडच्या नगरपालिकेसारख्या स्थानिक संस्थेच्या, भाड्याच्या घरात राहणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना डिसेंबर-जानेवारीत एक सर्व्हे येतो. एप्रिलपासून भाडं अमुक टक्के वाढवायचा विचार आहे, तुमची हरकत आहे का? हो, नाही, सांगता येत नाही. आमच्या काउन्सिलचाही येतो आणि मी तो इमानेइतबारे भरते. पण आता स्पष्ट लिहायची वेळ आली आहे: हा प्रश्न विचारण्यात काही अर्थ नाही. जिथे अर्थ आहे, तिथे आम्हाला कोणी विचारत नाही.

तिकडे महाराष्ट्रातल्या मंडळींसाठी थोडक्यात. म्हाडा लॉटरी काढून बहुतेक घरं विकते, इथे काउन्सिल स्वतःच घरमालक असते. भाड्याचे पैसे ‘हाउसिंग रेव्हेन्यू अकाउंट’ नावाच्या वेगळ्या खात्यात जातात. हे खातं १९९० पासून कुंपण घालून ठेवलेलं आहे. काउन्सिल टॅक्सचे, म्हणजे सगळ्या रहिवाशांकडून घेतल्या जाणाऱ्या स्थानिक कराचे पैसे त्यात येऊ शकत नाहीत, आणि आमच्या भाड्यातून लायब्ररी चालवता येत नाही. म्हणजे छपराची गळती, लिफ्ट, बॉयलर, हाउसिंग ऑफिसरचा पगार, सगळं मुख्यतः आमच्याच भाड्यातून. २०१२ मध्ये सरकारने या खात्याचा हिशोब काउन्सिलांवर सोडला तेव्हा बऱ्याच काउन्सिलांनी मोठं कर्जही अंगावर घेतलं. त्याचं व्याजही याच खात्यातून जातं. ‘एक तर स्वस्तात घर मिळतंय, वर मतही हवं?’ असं कोणी कमेंटमध्ये लिहिणार असेल तर आधी हा परिच्छेद परत वाचा.

आता भाडेवाढ ठरते कशी ते बघा. सप्टेंबरचा महागाई दर अधिक एक टक्का, ही केंद्र सरकारची कमाल मर्यादा. तो दर ऑक्टोबरच्या मध्याला जाहीर होतो, म्हणजे कागद-पेन्सिल घेऊन कोणीही आपली वाढ त्याच दिवशी काढू शकतो. सप्टेंबर २०२५ चा दर ३.८, म्हणून एप्रिल २०२६ ची कमाल वाढ ४.८. सप्टेंबर २०२२ ला महागाई १०.१ टक्क्यांवर गेली तेव्हा ११.१ टक्के वाढ होऊ शकली असती; सरकारने ती ७ वर रोखली. त्याआधी २०१६ पासून चार वर्षं दर साल एक टक्का भाडं कमी करायचा कायदाच होता. तेव्हा आम्ही खूश झालो, आणि त्या काळात न झालेल्या दुरुस्त्यांचं बिल आता पुढ्यात आलंय. काउन्सिलला मर्यादेपेक्षा कमी वाढ करता येते, पण खात्याची अवस्था बघता फारशी कोणी करत नाही. मग जानेवारीत आमच्या ‘नाही’ला किंमत काय?

कायद्यातली गंमत तर औरच. १९८५ च्या हाउसिंग अ‍ॅक्टच्या कलम १०५ नुसार घरांच्या व्यवस्थापनात मोठे बदल करताना भाडेकरूंशी सल्लामसलत सक्तीची आहे. मात्र त्याच कलमातून भाडं आणि सर्व्हिस चार्ज चक्क वगळलेत! स्कॉटलंडमध्ये नेमकं उलट. तिथे २००१ च्या कायद्याने भाडेवाढीआधी भाडेकरूंना विचारणं आणि त्यांच्या म्हणण्याची दखल घेणं बंधनकारक आहे, आणि वरून लादलेलं टक्केवारीचं सूत्रही नाही. म्हणून अनेक ठिकाणी दोन-तीन पर्याय समोर ठेवतात: एवढं भाडं वाढवलं तर एवढ्या घरांच्या खिडक्या बदलू, कमी वाढवलं तर तेवढ्या पुढच्या वर्षी. याला मी विचारणं म्हणेन.

पर्याय न दाखवता विचारणं कोर्टालाही पटलेलं नाही. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने लंडनच्या हॅरिंगे काउन्सिलची सल्लामसलत बेकायदेशीर ठरवली. विषय भाड्याचा नव्हता, गरिबांना मिळणाऱ्या काउन्सिल टॅक्सच्या सवलतीतल्या कपातीचा होता. पण मुद्दा हाच, की पैशांची तूट भरून काढायचे दुसरेही मार्ग होते आणि लोकांना त्यांचा पत्ताच लागू दिला नाही.

आणि आम्हा भाडेकरूंचं मत तरी एक कुठे असतं? ज्यांचं पूर्ण भाडं युनिव्हर्सल क्रेडिट या सरकारी भत्त्यातून भागतं, त्यांच्यातल्या बहुतेकांना वाढ खिशाला जाणवत नाही. केअर होममध्ये किंवा गोदामात राबून भाडं स्वतः भरणाऱ्याला ती पहिल्या आठवड्यापासून जाणवते. एवढे टक्के सहमत, एवढे असहमत असं एकत्र करून छापलं की या दुसऱ्या माणसाचा आवाज कुठे गेला तेच कळत नाही. सर्व्हिस चार्जचं तर बोलायलाच नको. सफाई, जिन्यातले दिवे, सामायिक हीटिंग. हीटिंगला ऑफजेम या ऊर्जा नियामकाची दरमर्यादा लागूच नव्हती, त्यामुळे गॅस भडकला तेव्हा काही इस्टेटींवर भाड्यापेक्षा या आकड्याने लोकांची झोप उडाली. सर्व्हेत मात्र तो शेवटच्या पानावर बारीक अक्षरात.

लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवर या काउन्सिलच्या उंच इमारतीला लागलेल्या आगीत १४ जून २०१७ ला ७२ माणसं गेली. तिथले रहिवासी त्याआधी कितीतरी वर्षं धोक्याच्या सूचना देत होते. त्यानंतर अशा घरांच्या नियमनाचा २०२३ चा कायदा आला, एप्रिल २०२४ पासून नवी मानकं लागू झाली, आणि भाडेकरूंना धोरणांवर प्रभाव टाकायची संधी द्या असं घरमालकांना सांगितलं गेलं. चांगलं आहे. पण पैसा कुठे जातो हे न दाखवता प्रभाव टाकायचा कशावर?

माझी मागणी साधी आहे. टक्केवारी विचारू नका, ती आम्ही वर्तमानपत्रात वाचतो. जानेवारीत नको, सप्टेंबरात बोलवा, बजेटचा मसुदा कच्चा असताना. खात्याचं एक पान द्या: भाडं किती जमलं, व्याजात किती गेलं, दुरुस्तीला किती, रिकाम्या पडलेल्या घरांमुळे किती बुडालं. मग विचारा, आधी छप्पर की आधी स्वयंपाकघर? बुरशीची तक्रार आल्यावर माणूस पाठवायला आणखी लोक नेमायचे की तेच पैसे नव्या दारांना घालायचे? यावर आमच्या मजल्यावरची सत्तरीची आजीसुद्धा तासभर बोलेल, आणि मुद्द्याचं बोलेल.

इथल्या मराठी मंडळींना एक सांगायचंय. काउन्सिलच्या घरात राहतो हे आपल्यातले बरेच जण चारचौघांत सांगत नाहीत, मग भाडेकरूंच्या मीटिंगला जाणं तर दूरच. या वेळी जा. सर्व्हे आला तर ‘हो-नाही’च्या खालची मोकळी चौकट रिकामी सोडू नका. मी त्यात वरचे चार आकडे मागितलेत. तुम्हीही मागा, आणि उत्तर आलं तर इथे टाका.