लॅपटॉप फ्रीजमध्ये ठेवायला सांगणारा मेसेज कृपया पुढे पाठवू नका

"अगं, वीस मिनिटं झाली. आता बाहेर काढू, की अजून ठेवू?" मावशीचा फोन होता. काय काढायचंय, हे मला दोनदा विचारावं लागलं. तिने लॅपटॉप फ्रीजमध्ये ठेवला होता.

चार दिवसांपासून काम करताना मध्येच निळी स्क्रीन येऊन तिचा लॅपटॉप बंद पडत होता. मैत्रिणीने तिला एक मेसेज पाठवला. या महिन्यात तो माझ्याकडेही तीनदा येऊन गेलाय: "निळी स्क्रीन म्हणजे व्हायरस. लगेच पॉवर बटण दाबून बंद करा. २० मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. मग रजिस्ट्री क्लीनर चालवा, प्रीफेच फोल्डर रिकामं करा, विंडोज अपडेट कायमचे बंद ठेवा. सर्वांना पाठवा."

आधी फ्रीजचंच बोलते, कारण बाकीच्या चुका निस्तरता येतात, ही येईलच असं नाही. गार पाण्याचा ग्लास बाहेर ठेवला की त्याला घाम फुटतो. गार झालेला लॅपटॉप बाहेरच्या दमट हवेत आणला की तेच होतं, फक्त हे पाणी मदरबोर्डवर, कनेक्टरच्या पिनांमध्ये, न दिसणाऱ्या जागी धरतं. मावशीने झाकण उघडलं तेव्हा कीबोर्डवर धुकं आलं होतं आणि बिजागरीपाशी बारीक थेंब होते. तिचा पुढचा प्रश्न होता, "चार्जर लावू का?" मी फोनवर अक्षरशः ओरडले. ओल असताना आतून वीज वाहिली की शॉर्ट होऊ शकतं, आणि मग निळी स्क्रीनसुद्धा दिसणार नाही. काही जण तर 'फ्रीझरमध्ये' ठेवायला सांगतात. शून्य अंशाखाली गेलेली लिथियम-आयन बॅटरी चार्ज केली की आत धातूरूपात लिथियम साचायला लागतं, बॅटरीची क्षमता कायमची घटते, आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोका वाढतो तो वेगळाच.

उष्णतेने लॅपटॉप बंद पडतो, एवढं मात्र खरं आहे. बऱ्याच लॅपटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. तिथे पोचला की प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो, तरीही तापत राहिला तर मशीन बंद होतं. पण असं बंद पडताना सहसा निळी स्क्रीन येत नाही, दिवा गेल्यासारखं सगळं एकदम काळं होतं. त्यावर इलाज म्हणजे लॅपटॉप गादीवरून उचलून टेबलावर ठेवणं आणि पंख्यातली, जाळीतली धूळ काढणं.

आता "निळी स्क्रीन म्हणजे व्हायरस". १९ जुलै २०२४ आठवतोय? जगभरात विमानतळांवर, रुग्णालयांत, बँकांत एकाच दिवशी निळ्या स्क्रीन आल्या. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख मशीन. त्यामागे व्हायरस नव्हता, क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरची सदोष फाइल होती. प्रोग्रॅमला २१ नोंदी अपेक्षित होत्या, मिळाल्या २०. एकविसावी वाचायला तो मेमरीत नको त्या जागी गेला, आणि हे सगळं विंडोजच्या गाभ्यात चाललेलं असल्याने विंडोजने पुढचं नुकसान टाळायला स्वतःहून काम थांबवलं. निळी स्क्रीन म्हणजे हे थांबणं. कारण ड्रायव्हर (यंत्राचा एखादा भाग विंडोजकडून चालवून घेणारं सॉफ्टवेअर) असेल, रॅम (कामापुरती मेमरी) असेल, डिस्क असेल. क्वचित व्हायरसही असेल.

आणि त्या कारणाचा धागा त्याच स्क्रीनवर लिहिलेला असतो! तिथे स्टॉप कोड, म्हणजे बिघाडाचं सांकेतिक नाव असतं, टक्के वाढत असतात. तेवढ्या वेळात विंडोज मेमरीतली माहिती डिस्कवर उतरवत असतं, म्हणजे नंतर तपासता यावी. पॉवर बटण दाबलं की पुरावाच गेला. थांबा, मोबाइलने फोटो काढा.

मावशीचा लॅपटॉप मी पूर्ण दिवस झाकण उघडं ठेवून, सुरू न करता वाळू दिला. सुरू झाला, हे नशीब. पुन्हा निळी स्क्रीन आली तेव्हा तिने फोटो पाठवला: 'मेमरी मॅनेजमेंट'. मग विंडोजमधलाच रिलायबिलिटी मॉनिटर उघडायला सांगितला. त्यात बिघाडांच्या तारखेवार लाल फुल्या दिसतात. पहिली फुली ज्या दिवसाची, त्याच्या आदल्या दिवशी तिने रॅम वाढवून घेतली होती. रॅम तपासणारं विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक चालवलं, हार्डवेअरमध्ये दोष असल्याचा निकाल आला. रॅमची नवी पट्टी काढली आणि लाल फुल्या थांबल्या.

अपडेटबद्दल मेसेजात अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करते. एखाद्या अपडेटने किंवा नव्या ड्रायव्हरने मशीन बिघडतं. तेव्हा तेवढंच अपडेट काढा, ड्रायव्हर मागच्या आवृत्तीवर न्या, हवं तर अपडेट काही दिवस थांबवा. 'कायमचे बंद' कशासाठी? फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या वॉनाक्राय व्हायरसचा हल्ला १२ मे २०१७ ला झाला. तो ज्या भगदाडातून शिरला, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं. ज्यांनी ते घेतलं नव्हतं, त्यांच्या फाइल कुलूपबंद झाल्या.

रजिस्ट्री क्लीनर, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांची नोंदवही 'साफ' करणारे प्रोग्रॅम, चालवू नका. अशा प्रोग्रॅमना आपला पाठिंबा नाही आणि त्यांनी केलेल्या बिघाडाने विंडोज पुन्हा टाकावं लागू शकतं, असं खुद्द मायक्रोसॉफ्ट सांगतं. प्रीफेच, म्हणजे प्रोग्रॅम लवकर उघडावेत म्हणून विंडोज ठेवतं त्या नोंदींचं फोल्डर, रिकामं केल्याने मोठं काही बिघडत नाही, प्रोग्रॅम पहिल्यांदा उघडताना थोडे रेंगाळतात एवढंच, पण निळी स्क्रीन त्याने जात नाही.

मेसेजात एक ओळ मात्र हवी होती, ती कुठेच नाही: दुसऱ्यांदा क्रॅश झाला की आधी महत्त्वाच्या फाइल बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. मावशीचं सहा महिन्यांचं भाषांतर त्या एकाच लॅपटॉपवर होतं, फ्रीजमध्ये, दह्याच्या भांड्याशेजारी.