बाळंतपणाची रजा: 'वर्ष भरलं नाही तर पगार नाही' हे खरं नाही

निपाणी-खानापूरकडच्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: नव्या नोकरीत वर्ष पूर्ण नसेल तर बाळंतपणाची रजा बिनपगारीच, आणि कर्नाटकात नियम वेगळा. दोन्ही चूक आहे.

1961 चा मातृत्व लाभ कायदा केंद्राचा होता, आणि नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी आलेली 2020 ची सामाजिक सुरक्षा संहिताही केंद्राचीच आहे. नोकरी कर्नाटकात बेळगावच्या उद्यमबागेत असो की महाराष्ट्रात कागलच्या एमआयडीसीत, अट एकच: प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या 12 महिन्यांत त्या मालकाकडे 80 दिवस काम. जुन्या कायद्यातही हाच आकडा होता. पगारी सुट्ट्याही त्यात धरतात. आधीची हयात मुलं दोनपेक्षा कमी असतील तर 26 आठवडे पगारी रजा मिळते. प्रसूतीआधीच्या रजेचे पैसे आगाऊ द्यायचे असतात, हे फारसं कुणी सांगतच नाही! दवाखान्याच्या खर्चाला तेच उपयोगी पडतात, म्हणून अर्ज लेखीच द्या आणि पोच घ्या.

पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल तर पैसे मालक नव्हे, ईएसआय देतं. तिथे आधीच्या लगतच्या दोन अंशदान कालखंडांत (वर्गणीचे सहा-सहा महिन्यांचे टप्पे) मिळून 70 दिवसांची वर्गणी लागते. विमा क्रमांक तोच ठेवलात तर जुन्या नोकरीतले दिवसही मोजले जातात. नव्या ठिकाणी दुसरा क्रमांक काढू देऊ नका.

80 दिवस खरंच भरत नसतील तर रजा बिनपगारी होऊ शकते. मग भिशी आणि कर्जाचे हप्ते यांचं आधीच बोलून घ्या, अंगणवाडीत मातृवंदना योजनेची चौकशी करा. निकषात बसलात तर पहिल्या बाळासाठी 5,000 रुपये मिळतात. मेसेज वाचून राजीनामा मात्र देऊ नका.