चार्ल्स अर्बन गल्लाभरू होता का?

मूकपटांच्या काळातला लंडनचा चित्रपट-निर्माता चार्ल्स अर्बन, त्याच्यावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: अर्बन गल्लाभरू, चित्रण दुसऱ्यांचं, मोठेपणा याला, वर दिल्ली दरबाराचा भाट. अशाला मी शैक्षणिक चित्रपटांचा प्रणेता म्हणून डोक्यावर घेतलं.

भाटगिरीचं मान्य. डिसेंबर १९११चा, बादशहा पंचम जॉर्जचा दरबार त्याने किनेमाकलर या सुरुवातीच्या रंगीत चित्रपटतंत्रात टिपला आणि फेब्रुवारीत लंडनच्या स्काला थिएटरात, रंगमंचावर ताजमहालाचा देखावा उभारून, लांबलचक खेळ लावला. लिहिताना मी रंगांच्या तंत्रातच रमलो (लाल-हिरव्या फिरत्या काचा, सेकंदाला ३२ चित्रं... मोह आवरत नाही). त्याच दरबारात सयाजीराव गायकवाडांनी बादशहापुढे त्रोटक मुजरा करून पाठ फिरवली आणि विलायतेत गहजब झाला. मराठी लेखात नेमकं तेवढंच नव्हतं! चूक माझी.

गल्ल्यावरून मात्र भांडेन. ऑगस्ट १९०३मध्ये सूक्ष्मदर्शकातून टिपलेली दृश्यं त्याने लावली कुठे, तर लेस्टर स्क्वेअरच्या अलहाम्ब्रात; म्हणजे नाचगाणी, कसरतींच्या थिएटरात. कॅमेरा निसर्ग-अभ्यासक मार्टिन डंकनचा. चीजवर वळवळणारे, नुसत्या डोळ्यांना धड न दिसणारे जीव पडदाभर पसरले. करमणुकीसाठी तिकीट काढणारा तो प्रेक्षक एरवी सूक्ष्मदर्शकाला डोळा कधी लावणार होता?

चित्रण दुसऱ्यांचं म्हणताना पर्सी स्मिथचं उदाहरण तर तुम्हीच दिलंत, पण ते तुमच्यावरच उलटतं. हा गृहस्थ शिक्षण खात्यात कारकून. सिनेमा शिकवण्यासाठी वापरा, हे खात्याच्या गळी काही उतरलं नाही. ते उतरलं धंदेवाईक अर्बनच्या. त्यातून १९१०मध्ये फुलं उमलतानाचा लघुपट आला. थांबून थांबून एकेक चित्र टिपायची तीच युक्ती १९१२मध्ये फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपावर वापरली, आणि ती फिल्म दाखवून भांडवल मिळवलं. त्यांना कुणी गल्लाभरू म्हणत नाही.

राहता राहिला 'बायोस्कोप'. हा शब्द अर्बनने घडवला असं मी ठोकून दिलं होतं. तुमचं बरोबर, शब्द आधीचा आहे. त्या नावाचा प्रोजेक्टर त्याने खपवला, एवढंच. ते वाक्य आत्ताच बदललंय. सयाजीरावांचा परिच्छेद रविवारी जोडतो.