लेफ्टचं सॅम्पल

शनिवारी सकाळी पुण्याच्या नाना पेठेतल्या एका दुकानदाराने मला हवा असलेला पार्ट दाखवला आणि दिला नाही. आज मंगळवार आहे. राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसलो.

गाडी १९७८ची प्रीमियर पद्मिनी, जिला सगळे फियाटच म्हणतात, वडिलांची. पुढच्या दाराला पूर्वी एक छोटी त्रिकोणी काच असायची, हल्लीच्या गाड्यांतून हद्दपार झाली ती. तिचं लॉक मला हवं होतं. बोटाच्या दोन पेरांएवढा क्रोमचा खटका, वळवला की काच घट्ट बसते. डावीकडचा खटका मार्चमध्ये गाडी धुणाऱ्या पोराच्या हातात आला. पोरगा प्रामाणिक, त्याने तो वर आणून दिला. म्हणजे अर्धा दिला. उरलेला अर्धा बादलीतल्या पाण्याबरोबर सोसायटीच्या गटारात गेला असावा. तेव्हापासून ती काच सुतळीने बांधलेली आहे. पावसाळ्यात त्या फटीतून डाव्या सीटवर बसणाऱ्याच्या गुडघ्यावर बारीक धार लागते, नेमकी एकाच जागी, पिंडीवर अभिषेकपात्रातून लागते तशी. तो गुडघा बहुतेक वेळा माझ्या बायकोचा असतो. तिने गाडीत एक नॅपकिन आणून ठेवलाय आणि त्याविषयी ती एक अक्षर बोलत नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

गाडी 'उभी करायला' घेतली त्याला दोन वर्षं झाली. मला वाटलं होतं की इंजिन छळणार. इंजिनाने काहीच त्रास दिला नाही. १०८९ सीसीचं ते साधंसरळ यंत्र मिस्त्रीने तीन आठवड्यांत उघडून, घासून, परत बसवलं. पिस्टन-रिंगा मिळाल्या, क्लचप्लेट मिळाली, ब्रेकचं किटही मिळालं. मिस्त्रीने तेव्हाच सांगितलं होतं, ''साहेब, पोटातलं सगळं मिळेल. अंगावरचं नाही मिळणार.'' मी ते तत्त्वज्ञान समजून सोडून दिलं. पुढे कळलं की ती निव्वळ व्यवहाराची गोष्ट होती. मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी धावत होती तोवर इंजिन-गिअरच्या पार्टांना मरण नव्हतं, कारण टॅक्सी बंद पडली की त्या दिवसाचा धंदा बुडाला. पण टॅक्सीतल्या त्रिकोणी काचेचं लॉक तुटलं तर टॅक्सीवाला काय करायचा? सुतळी बांधायचा. त्यामुळे लॉक पुन्हा बनवायचं कुणाला सुचलं नाही. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून उतरली. त्या दिवशी लोकांनी डोळे पुसत फोटो टाकले. मी मिस्त्रीला फोन करून ब्रेकचं आणखी एक किट आणून ठेवायला सांगितलं.

तर शनिवारी मी तुटका अर्धा भाग रुमालात बांधून, अस्थी घेऊन निघाल्यासारखा, नाना पेठेत गेलो. गाडी लावायला जागा शोधण्यात पाऊण तास गेला, ते सोडून देतो. पाचव्या दुकानात काउंटरपलीकडे पन्नाशीचे मालक होते आणि अलीकडे स्टुलावर एक काका बसले होते. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीतून स्कूटरच्या क्लचकेबलचं टोक बाहेर आलेलं. अगदी घरच्यासारखे बसले होते. रोजचे असावेत, असं मला वाटलं. हे ध्यानात ठेवा.

मी रुमाल सोडला. मालकांनी हात न लावता, लांबूनच पाहिलं.

''फियाट.''

''हो.''

''लेफ्ट.''

''हो!'' माझा आवाज चढला. आधीच्या चार दुकानांत कुणी 'लेफ्ट'पर्यंत पोचलंच नव्हतं. एकाने तर तो स्टीलच्या कपाटाचा पार्ट आहे म्हणून मला बोहरी आळीत पाठवायची तयारी केली होती.

''नाही मिळणार,'' मालक म्हणाले.

मी रुमाल पुन्हा बांधायला घेतला आणि सहज वर पाहिलं. मालकांच्या डोक्यामागे, लक्ष्मीच्या तसबिरीखाली एक खिळा होता. खिळ्याला तार, आणि तारेला लटकलेलं ते. अख्खं, क्रोमसकट. धूळ होती, पण धुळीखालून चमकत होतं. लेफ्ट.

''ते काय आहे मग?''

मालकांनी मान न वळवता सांगितलं, ''ते सॅम्पल.''

''कशाचं?''

''याचंच. लेफ्टच्या लॉकचं.''

''अहो, मग तेच हवंय मला.''

''हो ना.''

''मग द्या ना.''

''ते दिलं तर सॅम्पल म्हणून काय ठेवू?''

मी दोन क्षण थांबलो. समोरचा माणूस चेष्टा करत असेल तर त्याला हसायला तेवढा वेळ पुरतो. मालक हसले नाहीत.

''पण सॅम्पल ठेवतात कशासाठी?''

''गिऱ्हाईक आलं की दाखवायला.''

''काय दाखवायला?''

''की असं असं असतं,'' मालक शांतपणे म्हणाले, ''आणि ते आपल्याकडे मिळत नाही.''

यावर माणूस काय बोलणार? स्टुलावरचे काका मात्र बोलले. ''बरोबर आहे त्यांचं.'' आणि पिशवी मांडीवर नीट घेऊन माझ्याकडे वळले. ''उद्या कुणी दुसरा आला आणि विचारलं, तर यांनी दाखवायचं काय?''

''काका, दुसरा कुणी येणार नाहीये.''

''तुम्ही आलात की.''

मी पाचशे रुपये म्हटलं. मालकांनी रजिस्टर उघडलं. मी हजार म्हटलं. मालकांनी रजिस्टर मिटलं आणि दुखावल्या स्वरात म्हणाले, ''साहेब, पैशाचा प्रश्न नाहीये.'' माझा अनुभव असा की पैशाचा प्रश्न नसला की काम हमखास अडतं. पैशाचा प्रश्न असला की निदान घासाघीस तरी करता येते.

''गाडी वडिलांची का?'' काकांनी विचारलं.

''हो.''

''आहेत?''

''आहेत.''

''मग त्यांना घेऊन यायचं. एवढ्याशा कामाला मुलगा कशाला पाठवायचा?'' मी बावन्न वर्षांचा आहे.

मग काकांची फियाट सुरू झाली. त्यांच्याकडेही होती, ऐंशी साली घेतलेली. महाबळेश्वरला जाताना पसरणीच्या घाटात तापली, तेव्हा यांनी बायकोची ओली साडी रेडिएटरवर टाकली. साडी कुठली, कुठून घेतली, पुढे तिच्या उशांच्या खोळी कशा झाल्या, हे सगळं मी रुमाल हातात धरून ऐकलं. मालकही ऐकत होते. मग ते म्हणाले, त्यांच्या मामांकडे होती. मागे केबल घ्यायला आलेला एक रिक्षावाला म्हणाला, त्याचे वडील टॅक्सी चालवायचे. पाच मिनिटांत दुकानात चार फियाट उभ्या राहिल्या. एकीचंही लॉक सुट्टं नव्हतं.

हे माझं नेहमीचंच दुखणं आहे. गाडी सिग्नलला थांबली की शेजारच्या स्कूटरवरून कुणीतरी हसून पाहतं, ''आमच्याकडे होती'' म्हणतं. पेट्रोलपंपावर पोरगा टाकी भरता भरता बोनेट थोपटतो. मध्यंतरी घराखाली एका जोडप्याने न विचारता माझ्या गाडीला टेकून लग्नाआधीचे फोटो काढून घेतले. नवरीच्या शालूच्या काठाने नवा रंग चार इंच ओरखडला. मी खाली गेलो तर फोटोग्राफर म्हणाला, ''अंकल, जरा फ्रेममधून बाहेर.'' सगळ्यांना गाडीविषयी उमाळा आहे. कुणाच्या माळ्यावर एखादं लॉक पडलेलं आहे का, विचारा. नाही. ''सगळं भंगारात दिलं हो, जागा कुठे असते!'' म्हणजे आठवण ठेवायला ह्यांना जागा आहे, खटका ठेवायला नाही.

आणि सरकारचा उमाळा तर विचारूच नका. पंधरा वर्षांवरच्या खाजगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करायची, त्याला पूर्वी सहाशे रुपये पडायचे. एप्रिल २०२२मध्ये ते पाच हजार झाले. वर पर्यावरण कर वेगळा. 'विंटेज' म्हणून नोंद करायची तर गाडी पन्नास वर्षांची लागते. माझी अजून पन्नाशीत पोचायची आहे. म्हणजे सध्या ती कायद्याने निव्वळ म्हातारी; मान मिळायला अजून थांबावं लागेल. बरं, विंटेज झाल्यावर तरी काय? वीस हजार भरा, पाटीवर 'व्हीए' अक्षरं मिळवा, आणि मग गाडी रोजच्या कामाला वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. मंडईत नेलीत तर नियमभंग. पेट्रोल आणि दुरुस्ती! माझ्या गाडीचं गेली दोन वर्षं दुसरं काय चाललंय? ते मी वीस हजार न भरता करतोय.

असो. दुकानात परत येतो.

''एक काम करा,'' काका म्हणाले. ''फोटो काढून घ्या. लेथवाल्याला दाखवा, तो बनवून देईल.'' मालकांना ही तोड पटली. ''फोटोला ना नाही. हात लावायचा नाही.'' मी काउंटरवर ओणवा होऊन, लक्ष्मी फ्रेममध्ये येणार नाही अशा बेताने, खिळ्यावरच्या त्या वस्तूचे सहा फोटो काढले. देवळाच्या गाभाऱ्याबाहेरून काढतात तसे. तिथूनच एका लेथवाल्याला पाठवले. दोन मिनिटांत त्याचं उत्तर आलं: ''माप फोटोवरून नाही येत. सॅम्पल आणा.''

मी ते मालकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, ''बघा. म्हणून सॅम्पल देऊन चालत नाही.''

मी निघालो तर काकाही उठले. ''गाडी आणलीय? चला, मला सहकारनगरला सोडा. किती वर्षांत बसलो नाही फियाटमध्ये.'' मी कोथरूडला राहतो. पण मनात हिशेब केला की काका दुकानातले जुने, वजन आहे, सोमवारी त्यांच्याकरवी पुन्हा गळ घालता येईल. त्या लालसेने मी त्यांना घेतलं.

काका पुढच्या अखंड सीटवर ऐसपैस बसले. दार त्यांनी त्या काळच्या सवयीने, पूर्ण ताकदीने लावलं. मागची काच अर्धा इंच खाली आली. मग स्टिअरिंगच्या गिअरकडे बघत ''पहिला आपल्याकडे घेऊन वर… हां,'' असं मला शिकवत स्वारगेटपर्यंत आले. तिथे सिग्नलला त्यांचं लक्ष सुतळीकडे गेलं.

''हे काय?''

''लॉक नाहीये ना काका. त्यासाठीच तर…''

''आमच्या गाडीत असलं सुतळी-बितळी नव्हतं,'' असं म्हणत त्यांनी गाठ सोडली. शिरली ती सगळी हवा पीएमपीच्या बसचा धूर घेऊनच आत आली. त्रिकोणी काच बंद होईना म्हणून मग काकांनी मोठी काच वर करायला हँडल धरलं. मी 'हळू' म्हणेपर्यंत त्यांनी दोन फेरे मारले होते. तिसऱ्या फेऱ्याला हँडल त्यांच्या हातात आलं.

काकांनी ते उलटंपालटं करून पाहिलं. ''स्प्लाइन गेलीय, आतले दाते झिजलेत,'' म्हणाले. ''हे मिळेल तुम्हाला. हे मिळतं.'' आणि पडून हरवायला नको म्हणून त्यांनी ते स्वतःच्या पिशवीत, क्लचकेबलच्या शेजारी नीट ठेवलं. सहकारनगरच्या कोपऱ्यावर ''इथेच, इथेच, दूध घ्यायचंय,'' म्हणून उतरले. दार पुन्हा तसंच लावलं. मागची काच आणखी अर्धा इंच.

पिशवी आठवली तेव्हा मी दांडेकर पुलावर होतो. वळून गेलो. दूधवाल्याने असे कुणी काका पाहिले नव्हते.

संध्याकाळी वडिलांना सांगितलं. ते पेपर वाचत होते. ''मी या गाडीसाठी सहा वर्षं नंबर लावून थांबलो होतो,'' ते पेपरमागून म्हणाले. ''तुला एका खटक्यासाठी सहा महिने होत नाहीत?'' बायको काही बोलली नाही. रविवारी तिने नॅपकिनच्या जागी टॉवेल ठेवला.

काल सोमवारी ऑफिसला दांडी मारून पुन्हा नाना पेठेत गेलो. तेच दुकान. मालकांनी ओळखलं, चांगलं हसलेसुद्धा. खिळ्यावर ते होतंच. मी तिकडे न बघता म्हटलं, ''काच खालीवर करायचं हँडल द्या. फियाटचं, पुढच्या दाराचं.''

''त्यात तीन प्रकार येतात,'' मालक म्हणाले. ''सॅम्पल आणलंय का?''

''ते काकांकडे राहिलं. त्या दिवशी इथे स्टुलावर बसले होते ना, ते. त्यांचा पत्ता द्या, घेऊन येतो.''

मालकांनी रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

''ते तुमच्याबरोबर आले होते ना?''