मिसुरीच्या मतदाराने काय केले?
गर्भपातासारख्या एकाच प्रश्नावरून स्वपक्षाचा उमेदवार नाकारणे म्हणजे पक्षद्रोह, हा मी वाचलेल्या एका लेखाच्या लेखकाचा युक्तिवाद मला लंगडा वाटतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतील मिसुरी राज्यात मतदारांच्या हाती पडलेल्या एकाच मतपत्रिकेवर रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार डोनाल्ड ट्रम्प, त्याच पक्षाचे सिनेटर जॉश हॉली आणि गर्भपाताचा हक्क राज्याच्या घटनेत घालणारी ‘अमेंडमेंट ३’ ही दुरुस्ती, असे सारेच होते. ट्रम्प यांना सुमारे ५८ टक्के मते पडली, गर्भपाताचे कडवे विरोधक असलेले हॉलीही आरामात निवडून आले, आणि तरीही ती दुरुस्ती जवळपास ५२ टक्के मतांनी संमत झाली. बऱ्याच रिपब्लिकन मतदारांनी पक्ष आणि प्रश्न यांची सरळ फारकत केली, हे उघड आहे. अर्थात प्रश्नावर असे वेगळे मत देण्याची सोय सगळीकडे नाही. टेक्सासमध्ये नागरिकांना सह्या गोळा करून असा प्रस्ताव मतदानाला आणताच येत नाही, मग तेथील मतदाराने उमेदवाराच्या भूमिकेकडे काणाडोळा कसा करावा? शिवाय मिसुरीतही रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाने २०२५ मध्ये तीच दुरुस्ती रद्द करण्याचा प्रस्ताव पुन्हा मतदारांपुढे ठेवण्याचे ठरवले, ज्याचा लेखात साधा उल्लेखही नाही.