रडतानाही सुंदर दिसायचं

माझ्या सात वर्षांच्या लेकीनं घरातल्या सगळ्यांचं चित्र काढलं. बाबाचं नाक लांब, परभणीच्या मामाच्या मिशा झुपकेदार, आजोबांची हनुवटी चौकोनी. आजी, मी आणि ती स्वतः मात्र एकसारख्या: मोठाले डोळे, ठिपक्याएवढं नाक. आजीच्या, म्हणजे माझ्या आईच्या हनुवटीवरचं गोंदण नाही, तिचा पडलेला दात नाही.

चित्र घरच्या ग्रुपवर टाकून लिहिलं, बायकांचे चेहरे सगळे एकाच साच्यातले, हे कार्टूनमधून आलंय. धाकट्या भावाचा लगेच फोन. "ताई, इथं सोयाबीनला भाव नाही अन् तू तिकडं कार्टूनच्या नाकावरून भांडायलीस?"

सोयाबीनचं दुःख मला ठाऊक आहे, मी त्याच घरातली. तरी त्याचं म्हणणं मला पटलं नाही.

इकडे व्हँकुव्हरला ॲनिमेशनचे स्टुडिओ पुष्कळ, त्यामुळे हा वाद शाळेच्या फाटकाशीही ऐकू येतो. 2013 साली डिस्नेचा 'फ्रोझन' हा ॲनिमेशनपट आला, तेव्हा त्याचा ॲनिमेशन-प्रमुख लिनो डिसाल्वो म्हणाला होता की स्त्रीपात्रं फार अवघड, कारण त्यांना सगळ्या भावना दाखवायच्या असतात आणि सुंदरही ठेवायचं असतं. स्टुडिओनं नंतर सांगितलं की हे बोलणं संदर्भ सोडून उचललं गेलं. मान्य. पण पडदा बघा. त्यातल्या नायिका एल्सा आणि ॲना बहिणी आहेत, म्हणून सारख्या दिसतात असं धरू. त्याच सिनेमातल्या पुरुषांची नाकं मात्र प्रत्येकाची वेगळी आहेत. माणूस खरंच रडतो तेव्हा तोंड वाकडं होतं, राग आला की नाकपुड्या फुगतात. नाकच नसेल तर फुगणार काय? मुलीचा राग असा तिच्या चेहऱ्यातूनच काढून घेतला जातो.

त्याच वर्षी 'ब्रेव्ह' या ॲनिमेशनपटाची नायिका मेरिडा हिला डिस्नेच्या राजकन्यांच्या मालिकेत घेताना बारीक आणि नटवी केली, तेव्हा तिला घडवणाऱ्या दिग्दर्शिका ब्रेंडा चॅपमन यांनीच उघड विरोध केला आणि 2 लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. इथल्या लोकांचं हे मला आवडतं, अशा गोष्टीला ते क्षुल्लक म्हणत नाहीत. मात्र सह्या करणाऱ्या घरांतही एल्साचा निळा झगा येतोच. आमच्याही आला.

आपल्याकडे हा साचा कार्टूनच्या आधीचा. स्थळाच्या माहितीत मुलाची नोकरी आणि एकर लिहितात, मुलीचं 'नाकीडोळी नीटस'. महालक्ष्म्यांचे मुखवटेही ज्येष्ठा-कनिष्ठा दोघींचे सारखेच. पण देवीचा मुखवटा शांत का, ते मला कळतं. तो पूजेला मांडलेला असतो, त्याला रडायचं नसतं. गोष्टीतल्या मुलीला रडायचं असतं, ओरडायचं असतं, दात विचकायचे असतात. भावाची लेक 'छोटा भीम' बघते. तिलाही त्यात लाल गालांची चुटकी सोडली तर आपलं म्हणावं असं कोण आहे?

मी भावाला म्हटलं, आईचा जवळून एक फोटो पाठव, लेकीला चित्र परत काढायचंय. फोटो रात्री आला. आईनं पदर तोंडावर धरलेला होता. खाली भावानं लिहिलं होतं, "दात नाही म्हणून नको म्हणाली."